का केलंस, हरेश?

हरेश ट्रॉलीवरून उतरला तेव्हा सबनीससाहेबांच्या गाडीचा दरवाजा आत गेलेला होता. गाडी नवी होती. सीटवरचं प्लॅस्टिकसुद्धा अजून काढलेलं नव्हतं, आणि साहेब ते कधी काढतील अशी लक्षणंही नव्हती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात मी ट्रेनिंग इन्स्ट्रक्टर होतो. आयटीआय करून आलेली सतरा-अठरा वर्षांची पोरं आमच्याकडे अप्रेंटिस म्हणून यायची. त्यांना लेथ शिकवणं हे माझं काम. लेथ म्हणजे लोखंड सोलायचं मशीन. बटाटा सोलताना आपण सुरी फिरवतो, इथे सुरी जागेवर राहते आणि बटाटा गरागरा फिरतो. त्या बटाट्याला आम्ही जॉब म्हणतो, आणि त्याला घट्ट पकडून फिरवणाऱ्या लोखंडी जबड्याला चक.

आमच्या डिस्पॅचपासून गेटपर्यंत उतार होता. मालाची ट्रॉली त्या उतारावरून दोघांनी मागून धरून हळूहळू न्यायची, असा नियम. हरेशने रिकामी ट्रॉली घेतली, तिच्यावर उभा राहिला, दोन्ही हात पसरले आणि सोडून दिली. वर चार अप्रेंटिस शिट्ट्या मारत होते. खाली आमचे वर्क्स मॅनेजर सबनीससाहेब यांची गाडी होती. ट्रॉलीला ब्रेक नसतो, हे हरेशला माहीत होतं. मीच शिकवलं होतं.

गंमत म्हणजे हा हरेश आमचा सेफ्टीचा हिरो. रोज सकाळी आम्ही सुरक्षेची शपथ घ्यायचो. त्याचा आवाज खाडीच्या या काठावरून त्या काठाला जाईल असा, म्हणून शपथ तोच सांगायचा. सेफ्टीच्या लेखी परीक्षेत त्याला पैकीच्या पैकी मार्क होते. ट्रॉलीवर उभे राहावे काय, या प्रश्नाला त्याने "नाही" असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी चौकशी बसली. सबनीससाहेब, पर्सोनेलचे एक गृहस्थ आणि मी. कारखान्याच्या चौकशीची एक पद्धत असते. आधी "कारणे दाखवा" अशी नोटीस, मग कारण, मग त्या कारणाच्या वजनाप्रमाणे शिक्षा. कारणच नसेल तर पुढचं सगळं अडतं. पर्सोनेलचे गृहस्थ पेनाचं टोपण काढून कारणाची वाट बघत बसले.

"का केलंस?" साहेबांनी विचारलं.

"माहीत नाय सर."

"म्हणजे?"

"म्हणजे… माहीत नाय. केला."

साहेबांचा चेहरा लाल झाला. आरोप आधी एकच होता, निष्काळजीपणाचा. आता त्यात उद्धटपणाही जमा झाला. साहेबांनी करार रद्द करायचं ठरवलं. अप्रेंटिसचा करार रद्द झाला की पुढची सरकारी परीक्षा नाही, परीक्षा नाही म्हणजे सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नसलेला टर्नर, म्हणजे लेथवाला, अख्ख्या इस्टेटमध्ये झाडू मारायलाच लागतो. शेवटची सही खंडेनवमीनंतर होणार होती, कारण त्याआधी सगळा कारखाना साफसफाईत गुंतलेला होता.

मी हरेशला बाजूला घेतलं. सरळ सांगितलं की बाबा, पाय घसरला म्हण, तोल गेला म्हण, काहीही म्हण. कागदाला कारण लागतं.

"पाय नाय घसरला सर," तो म्हणाला. "मी चढलेलो."

त्या क्षणी मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच क्षणी पटलंही की पोरगा उद्धट नाही. तो खरं बोलत होता. त्याला खरंच माहीत नव्हतं. आपण मोठी माणसं खोटं कारण ऐकायला इतकी सरावलेली असतो की खरं उत्तर आलं की आपला अपमान होतो.

मग मी नुसता बघत बसलो. हरेश एकटा लेथवर असला की बाह्या दुमडलेल्या, गॉगल डोळ्यांवर, मशीन थांबल्याशिवाय हात पुढे नाही. शेजारी दोन दोस्त येऊन उभे राहिले की गॉगल कपाळावर. तिसरा आला की चक फिरत असतानाच हात लावून बघायचा. दोस्त गेले की गॉगल परत खाली. मी बाकीच्या पोरांकडेही बघितलं. सगळ्यांचे गॉगल तसेच वरखाली होत होते.

हे मी साहेबांना जाऊन सांगितलं. म्हटलं, पोराला नियम पाठ आहेत. एकटा असला की पाळतोही. चार जण बघायला लागले की नियम कुठे जातात देव जाणे. शिक्षा करायची तर शिट्ट्या मारणाऱ्यांनाही करा.

साहेब म्हणाले, "मोरे, तुम्ही त्यांचे इन्स्ट्रक्टर आहात की वकील? सतरा वर्षांचा घोडा आहे. या वयात मी घर चालवत होतो."

सबनीससाहेबांच्या घरी दोन मोठे भाऊ कमावते होते, हे मला ठाऊक होतं. पण ज्यांना जुलैत इन्क्रिमेंट हवं असतं ती माणसं असली माहिती जवळ ठेवतात.

माझी भाची कल्याणला मेंदूची डॉक्टर आहे. मध्यंतरी तिने मला हे सगळं शास्त्रीय भाषेत समजावलं. माणसाचा मेंदू एकदम तयार होत नाही म्हणे. मजा, थरार, चार लोकांत भाव खाणं, याची ओढ लावणारा भाग चौदा-पंधराव्या वर्षीच जोरात चालू होतो. "थांब, आधी विचार कर" असं सांगणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत पिकतच असतो. शांतपणे एकट्याला विचारलं तर पोरं मोठ्यांसारखी शहाणी उत्तरं देतात. दोस्त बघत असले की ओढीचा जोर वाढतो आणि शहाणपण मागे पडतं. मी तिला म्हटलं, म्हणजे मोटर बसवून चालू केली, आणि स्टॉपचं बटण अजून स्टोअरमधून यायचंय. ती म्हणाली, अगदी तसंच नाही मामा, पण तुझ्यापुरतं चालेल.

तिने आणखी एक सांगितलं ते मला जास्त पटलं. याच वयात मेंदू शिकतोही सपाट्याने, आणि जे शिकतो ते हाडात मुरतं. हरेश थ्रेडिंग, म्हणजे लोखंडावर आटे पाडणं, अशा झपाट्याने शिकला होता की आमचे जुने टर्नर चहा सोडून बघायला यायचे. असल्या पोराला नेमका त्याच वयात हाकलायचा म्हणजे लापशी शिजत आली असताना चुलीवरून उतरवून कुत्र्याला घालायची. पण हे ज्ञान मला तेव्हा नव्हतं. तेव्हा मला नुसती चीड येत होती.

मधल्या दिवसांत हरेशचे वडील आले. कळव्याच्या पुढे खाडीकाठी त्यांचं घर. डोक्यावर टोपली, टोपलीत भलामोठा जिताडा. खाडीतला हा मासा म्हणजे त्यांच्याकडचा सगळ्यात मोठा मान. तो त्यांनी सबनीससाहेबांच्या टेबलावर ठेवला. साहेबांच्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद असायचा. साहेब खुर्चीसकट मागे सरकले.

"सायेब," म्हातारा म्हणाला, "पोऱ्याचा डोका ठिकान्यावर नाय, पन हात बेस हाय. त्याला घालवू नका. खारीन आता मासली रेली नाय. तुमच्या कंपन्यांचा पानी येतंय तिथं. पोऱ्यानं जावा कुठं?"

साहेबांनी नाकाला रुमाल लावून सांगितलं की नियम तो नियम, आणि हे आधी उचला. म्हातारा म्हणाला, आणलेली मासली परत नेत नाय. तो हात जोडून निघून गेला. शेवटी जिताडा माझ्याबरोबर डोंबिवलीला आला. कालवण झकास झालं, पण पहिला घास तोंडात घातला आणि म्हाताऱ्याचे जोडलेले हात आठवले. बायकोने विचारलं, मीठ कमी आहे का.

खंडेनवमीला कारखान्यात मशीनची पूजा असते. आदल्या दिवशी पोरांनी सगळी मशिनं रॉकेलने पुसून लख्ख केलेली. झेंडूच्या माळा, आंब्याचे डहाळे, कामगारांच्या बायका-मुलं नव्या कपड्यांत. मालक शेठ सहकुटुंब आलेले. गाड्यांचीही पूजा होते. साहेबांच्या गाडीला त्या वर्षी सगळ्यात मोठी माळ होती आणि ती बरोबर चेपलेल्या दरवाजावरून सोडली होती.

आमच्याकडे प्रथा अशी की पूजा झाली की वर्क्स मॅनेजरांनी सगळ्यात जुन्या लेथचं हिरवं बटण दाबायचं. चक दोन गिरक्या घेतो, सगळे टाळ्या वाजवतात, लाल बटण दाबलं की पेढे. साहेब रेशमी झब्बा घालून आले होते, गळ्यात जरीकाठी उपरणं. त्यांच्या मागच्या भिंतीवर त्यांनीच रंगवून घेतलेला बोर्ड होता, "मशीनजवळ सैल कपडे म्हणजे मृत्यूला आमंत्रण."

साहेबांनी बटण दाबलं. टाळ्या झाल्या. तेवढ्यात शेठच्या सूनबाई कौतुकाने म्हणाल्या, "सबनीसजी, आपको भी ये चलाना आता है?"

साहेबांनी एकदा सूनबाईंकडे बघितलं, एकदा शेठकडे, मग जमलेल्या सगळ्यांकडे. "आता है क्या? अरे, मी याच्यावर सुरुवात केली," म्हणत ते पुढे वाकले आणि फिरत्या जॉबला हत्यार लावलं. लोखंडाची निळी चकाकती साल निघायला लागली. आता खऱ्या टाळ्या पडल्या. मागून कोणीतरी शिट्टीही मारली. साहेब आणखी वाकले, आणि उपरण्याचं टोक चकवर पडलं.

मी मेन स्विचपाशीच होतो. स्विच खाली ओढला. पण चक लगेच थांबत नाही. उपरणं गुंडाळत गेलं, साहेबांची मान खाली, आणखी खाली. नशीब की उपरणं रेशमी होतं आणि गाठ मारलेली नव्हती. ते सर्रकन गळ्यावरून सुटलं आणि साहेब मागच्या मागे पूजेच्या ताटात बसले.

बायका किंचाळल्या, मुलं हसली. मानेवर एक लाल वळ, बाकी काही नाही. सगळे साहेबांभोवती गोळा झाले. लेथपाशी फक्त हरेश राहिला. त्याने मेन स्विच खाली असल्याची खात्री केली, गॉगल लावला आणि आकड्याने उपरण्याच्या चिंध्या चकमधून काढायला लागला. आसपास त्याच्याकडे बघणारं कोणी नव्हतं.

साहेबांना मी केबिनमध्ये नेलं, पाणी दिलं. झब्ब्याला मागे कुंकू लागलं होतं. मी दार लावलं आणि विचारलं. मला त्यांना टोचायचं नव्हतं, खरंच विचारायचं होतं.

"साहेब, का केलंत?"

"काय माहीत, मोरे," ते म्हणाले. "माहीत नाही."

मग ते माझ्याकडे बघत राहिले. मी छताच्या पंख्याकडे.

"त्या पोराचं," शेवटी ते म्हणाले, "पर्सोनेलला सांगा, कारण मिळालं. प्रकरण बंद करा. आणि दरवाजाचं माझं मी बघतो."

दसऱ्यानंतर मी दोन बदल केले. लेथ असे फिरवून घेतले की पोरांच्या पाठी एकमेकांकडे याव्यात. आणि दर शनिवारी स्पर्धा ठेवली. कोणाचा जॉब मापाला सगळ्यात जवळ येतो ते सगळ्यांसमोर मोजायचं. त्यांना भाव खायचाच होता ना, मग मापावर खा. शिट्ट्यांना परवानगी दिली. सुरक्षेची शपथ चालूच राहिली, कारण ती हेड ऑफिसला आवडायची. ट्रॉलीवर परत कोणी चढलं नाही असं मी म्हणणार नाही, पण गाडीपर्यंत कोणी पोचलं नाही.

हरेश परीक्षा पास झाला. आता शीळफाट्याजवळ त्याचं स्वतःचं वर्कशॉप आहे, हाताखाली पाच-सहा पोरं. पोट सुटलंय, केस गेलेत, दिवाळीला न चुकता जिताडा पाठवतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. आवाज तसाच, फोन कानापासून लांब धरावा लागतो.

"सर, आजकालच्या पोरांचा काय खरा नाय. एकजण माझी बुलेट घेऊन मागच्या चाकावर चालवत होता. दोस्तांना दाखवायला. गटारात घातलान."

"विचारलंस त्याला, का केलं?"

"विचारलं ना. म्हणतो, माहीत नाय." हरेश भलताच तापला होता. "इतका उद्धट पोरगा सर, मी माझ्या आयुष्यात बघितला नाय."

भाची सांगते ते बरोबर असणार. मेंदू पंचविशीला पिकतो. पिकला की पहिलं काम तो हे करतो की आपण कच्चे होतो हे साफ विसरून जातो. मी हरेशला एवढंच विचारलं की गाडीचा दरवाजा आठवतो का. पलीकडे बराच वेळ काही आवाज आला नाही, म्हणून मी फोन कानाजवळ आणला. तेव्हाच तो हसायला लागला, आणि त्या कानाने मला दोन दिवस नीट ऐकू येत नव्हतं.