साडूंची किल्लेतपासणी

जगात जी संकटं यायची राहून गेली आहेत, ती केवळ आमच्या साडूंनी त्यांची आधीच काळजी करून ठेवल्यामुळे राहिली आहेत, असं माझं ठाम मत आहे. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे पुण्याचे, गेली अठरा वर्षं डब्लिनमध्ये, ब्लँचर्डस्टाउनला, आमच्या घरापासून चालत सात मिनिटांवर. ही सात मिनिटंही त्यांनीच मोजलेली. पाऊस असेल तर नऊ. पोटापाण्यासाठी ते सॉफ्टवेअर तपासतात, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम कुठे कुठे कोसळेल ते शोधून काढतात. ऑफिसात त्यांना फार मान आहे म्हणतात. अडचण एवढीच, की संध्याकाळी घरी आल्यावरही त्यांचं हे काम सुटत नाही. समोर चहा आला तरी आधी कपाला कुठे चीर गेलीय का ते बघतात, मग कोणाला तरी फोन करायचा राहिला का ते आठवतात, आणि तोवर चहा निवून जातो. मी त्यांना गरम चहा पिताना कधी पाहिलेलं नव्हतं.

आयर्लंडमधल्या जुन्या घरांत पाणी तापवायचं एक बटण असतं. त्याला इमर्शन म्हणतात, आणि ते चुकून चालू राहिलं की काय, ही इथल्या माणसांची पिढीजात चिंता आहे. साडूंनी या देशाचं नागरिकत्व घेतलं नाही. 'उद्या आईला काही झालं तर विमानात बसायचं की आधी व्हिसा काढत बसायचं?' असं ते विचारतात. इमर्शनची चिंता मात्र त्यांनी पहिल्याच वर्षी मनापासून स्वीकारली. घराबाहेर पडताना ते बंद बटणाचा फोटो काढतात. एकदा आम्ही सगळे गॉलवेला निघालो होतो. तासाभरावर गेल्यावर त्यांनी गाडी बाजूला घेतली, फोटो पाहिला आणि त्यांचा चेहरा उतरला. "बटण बंद दिसतंय," ते म्हणाले, "पण हा फोटो आजचाच कशावरून?" आम्ही परत फिरलो. बटण बंदच होतं. तेव्हापासून ते बटणाशेजारी हातातलं तारखेचं घड्याळ धरून फोटो काढतात.

अशा माणसाच्या पोटी सई जन्मली. सई चौदा वर्षांची, इथेच वाढलेली. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र आयरिश हेल काढून इंग्रजीत. मे महिन्यात तिने शाळेतून एक कागद आणला. पुढच्या वसंतात फ्रेंचच्या बाईंबरोबर सगळा वर्ग फ्रान्सचे जुने किल्ले पाहायला जाणार होता, आणि पालकांची सही हवी होती. शाळा पुन्हा उघडल्यावर पहिल्या आठवड्यात कागद परत द्यायचा होता. साडूंनी तो तीनदा वाचला, त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या आणि सगळं आपल्या निळ्या फाइलच्या शेवटच्या कप्प्यात ठेवून दिलं. सही केली नाही. सईने काही दिवस वाट पाहिली, मग रुसली, मग जेवणाच्या टेबलावर स्पष्टच म्हणाली, "बाबा, एव्हरीवन इज गोइंग. लिटरली एव्हरीवन." साडू म्हणाले, "आधी मी बघून येतो. मग ठरवू." आणि खरोखरच ऑगस्टमध्ये दोन्ही कुटुंबांनी फ्रान्सला जायचं ठरलं: ते तिघं, मी, माझी बायको आणि आमच्या दोघी लहान मुली. आम्ही सहलीला निघालो होतो. साडू तपासणीला निघाले होते. सई मात्र निकालाला निघाली होती, आणि हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होतं.

आमच्या मुली इथे जन्मल्या, त्यामुळे त्यांचे पासपोर्ट आयरिश. त्यांना फ्रान्सला जायला काहीच लागत नाही. आम्हां भारतीय पासपोर्टवाल्यांना मात्र व्हिसा लागतो. अर्जासोबत प्रवासाचं कारण सांगणारं पत्र द्यावं लागतं. जगातली सगळी माणसं तिथे 'पर्यटन' असं लिहून मोकळी होतात. साडूंना खोटं लिहिणं जमत नाही. त्यांनी लिहिलं, 'किल्ल्यांच्या सुरक्षिततेची पाहणी.' आठवड्याने विचारणा आली, की ही पाहणी आपण कोणत्या खात्यातर्फे करणार आहात आणि नेमणुकीचं पत्र कुठे आहे? मेव्हणीने कपाळाला हात लावला. साडूंनी मात्र शाळेच्या कागदाची झेरॉक्स, सईचा जन्मदाखला आणि स्वतःचं दोन पानी निवेदन जोडून, प्रत्येक पानावर 'खरी प्रत' असं लिहून सही ठोकून पाठवलं. व्हिसा आला. दिवस मात्र अगदी मोजून दिलेले होते.

आम्ही दोन गाड्या घेऊन रॉसलेअर बंदरातून बोटीने गेलो. बोट हलायच्या आत साडूंनी सगळ्यांना लाइफजॅकेटं कुठे आहेत ते दाखवून आणलं आणि मुलींना एक नियम पाठ करायला लावला: हरवलं तर जिथे आहोत तिथेच उभं राहायचं, शोधायचं काम मोठ्यांचं. पलीकडे उतरताना मी साडूंच्या गाडीत होतो, आमची गाडी बायको चालवत होती; खिडकीतूनच पासपोर्ट दाखवले. सईचा मरून रंगाचा आयरिश पासपोर्ट त्या माणसाने नुसता उघडला आणि परत दिला. साडूंच्या निळ्या पासपोर्टाची मात्र सगळी पानं चाळली. साडूंनी तत्परतेने अख्खी फाइलच पुढे केली, तर तो घाबरून म्हणाला की एवढं नको. साडू गाडी पुढे घेत म्हणाले, "बघितलंस? तिला कोणी काही विचारतच नाही." मला वाटलं तक्रार करतायत. पण आवाजात तक्रार नव्हती, दुसरंच काहीतरी होतं.

नंतरचे चार दिवस आम्ही फ्रान्सचे किल्ले साडूंच्या नजरेने पाहिले. नदीकाठचे ते पांढरे बुरूज, निळसर छपरं, आखीव बागा, हे सगळं होतंच म्हणतात, फोटोत दिसतं. मला आठवतात ते कठडे. साडूंनी मोजायची टेप आणली होती. प्रत्येक कठड्याशी सईला उभं करून ते उंची मोजत आणि वहीत लिहीत. खंदक दिसला की खोली विचारत. एका किल्ल्यात गाइड बाई राणीच्या शयनगृहाबद्दल रंगून सांगत होत्या, तर साडूंनी हात वर करून विचारलं, "इथून बाहेर पडायला दरवाजे किती?" त्या बिचारीला वाटलं यांना बरं वाटत नाहीये. तिने त्यांना हाताला धरून बाहेर नेऊन बाकावर बसवलं आणि पाणी दिलं. साडू पाणी प्यायले, वहीत 'कर्मचारी तत्पर' अशी नोंद केली आणि दुसऱ्या दरवाजाने आत आले. एका गोल, अरुंद जिन्यापाशी मी म्हणालो, "अहो, चार-पाचशे वर्षं माणसं इथून चढउतार करतायत." ते म्हणाले, "त्यातली किती पडली, याची नोंद कुठे आहे?" या माणसाची काळजी संसर्गजन्य असते. तिसऱ्या दिवशी मीही माझ्या मुलींचे हात सोडेनासा झालो होतो आणि रात्री दोनदा उठून खोलीची कडी पाहिली.

दर दहा मिनिटांनी ते मोठ्याने हजेरी घेत. सई दर वेळी खालमानेने 'हिअर' म्हणे. आजूबाजूला तिच्या वयाची फ्रेंच मुलं असत आणि तिचे कान लाल होत. तिसऱ्या संध्याकाळी ती मला म्हणाली, "काका, ही'ज नॉट गॉना साइन, इज ही?" मी म्हणालो, करतील गं. पण वहीत लाल पेनाच्या खुणा वाढत चालल्या होत्या, आणि मी काही पैज लावली नसती.

चौथ्या दिवशी सकाळी, एका किल्ल्याच्या अंगणात कॉफी पिताना, साडू तिकिटांच्या रांगेत असताना मेव्हणीने सांगितलं, की हा माणूस कॉलेजात असताना दोर न लावता सह्याद्रीतले कडे चढायचा. घरचे जीव मुठीत धरून बसायचे आणि हा मध्यरात्री शीळ वाजवत परत यायचा. सई झाली दिवस भरायच्या सात आठवडे आधी. दोन्हीकडचे आईवडील हजारो मैल लांब, व्हिसा मिळून कोणी पोहोचेपर्यंत तीन आठवडे गेले. तोवर हे काचेच्या पेटीशेजारी स्टुलावर बसून होते. यंत्रावर जे आकडे दिसत ते वहीत उतरवायचे. नर्स म्हणायची, "शी'ज ग्रँड, पेट, गो होम." 'ग्रँड' म्हणजे इथल्या बोलीत 'अगदी ठीक', आणि 'पेट' म्हणजे 'बाळा'. हे जात नसत. "त्यांना वाटायचं, आपण लिहायचं थांबलो तर आकडे थांबतील," मेव्हणी म्हणाली. "ती वही अजून आमच्या कपाटात आहे, कपबशांच्या मागे." मी आतापर्यंत साडूंच्या वहीत लिहीत बसण्यावर पुष्कळ विनोद केले होते. त्या क्षणी मला त्यांतला प्रत्येक विनोद आठवला आणि माझी मलाच लाज वाटली.

त्या दिवशीचा किल्ला सगळ्यात मोठा होता. त्याच्या मधोमध एक प्रसिद्ध जिना आहे, खरं तर दोन जिने, एकाच खांबाभोवती एकमेकांना गुंडाळत वर जाणारे. मधल्या खांबाला खिडक्या आहेत. एका जिन्यावरच्या माणसाला दुसऱ्या जिन्यावरचा माणूस खिडकीतून दिसतो, पण दोघं वाटेत भेटत नाहीत. भेटायचं तर मजल्यावर बाहेर पडून पलीकडच्या जिन्याला जावं लागतं. हे सगळं दारातल्या पाटीवर लिहिलेलं होतं. साडू तेव्हा कठडा मोजत होते.

पहिल्या मजल्यावर हजेरी झाली आणि सईचा 'हिअर' आला नाही. साडूंनी पुन्हा नाव घेतलं. मग तिसऱ्यांदा, आणि या वेळी आवाज फाटला. त्यांनी तिला फोन लावला, आणि घंटी त्यांच्याच पोटावरच्या थैलीत वाजली. खिसेकापूंच्या भीतीने सगळ्यांचे फोन सकाळीच त्यांनी स्वतःकडे घेतले होते. ती घंटी वाजत राहिली आणि आम्ही सगळे त्यांच्या पोटाकडे बघत राहिलो. कोणालाही हसू आलं नाही. दुसऱ्या क्षणी साडू जिन्याने वर पळत सुटले, मी मागोमाग.

दहा-बारा पायऱ्यांवर खिडकीतून सई दिसली. पलीकडे, शांतपणे भिंतीला टेकून, शिकवल्याप्रमाणे जिथे होती तिथेच उभी. "थांब! आलो!" साडू ओरडले आणि वर धावले. सई नव्हती. ते पार गच्चीपर्यंत गेले, तिथे नव्हती. तसेच खाली आले, तर पुन्हा खिडकीतून तीच सई, त्याच पायरीवर. पुन्हा वर. पुन्हा खाली. गर्दीतली माणसं बाजूला होऊन वाट देत होती. मी "अहो, दोन जिने आहेत, दोन!" असं ओरडत होतो, पण ते ऐकण्याच्या पलीकडे गेले होते. शेवटी ते खिडकीचा कठडा दोन्ही हातांनी धरून थांबले, घामाने निथळत, आणि म्हणाले, "सई, मला तुझ्यापर्यंत येता येत नाहीये गं."

सईने पलीकडून त्यांच्याकडे पाहिलं. मग तिने चक्क मराठीत सांगितलं, सावकाश, लहान मुलाला सांगावं तसं, "बाबा, तुम्ही तिथेच उभे राहा. मी येते."

ती तिच्या जिन्याच्या दहा-बारा पायऱ्या उतरून मजल्यावर गेली, खांबाला वळसा घातला आणि आमच्या जिन्याने वर आली. अर्धं मिनिटही लागलं नसेल. साडू जागचे हलले नव्हते. तिने त्यांचा हात धरला. "यू वेअर ऑन द अदर वन, दॅट्स ऑल," ती म्हणाली. "यू'र ग्रँड." साडूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ उचलला नाही. आजूबाजूला तिच्या वयाची पोरं होती, पण तिने मान खाली घातली नाही.

अंगणात आल्यावर त्यांनी फाइल उघडली. शेवटच्या कप्प्यातून कागद काढला, सोबत शिक्षकांसाठी टाइप करून आणलेल्या सूचना निघाल्या, चांगल्या तीन पानी. त्या त्यांनी घडी घालून परत ठेवल्या. कागदावर खाली 'पाल्याविषयी इतर माहिती' असा रकाना होता. तिथे बराच विचार करून एवढंच लिहिलं: 'मुलगी समजूतदार आहे.' खाली सही केली. सवयीने शेजारी 'खरी प्रत' असंही लिहून गेले. सईने ते वाचलं आणि तोंड धुवायला म्हणून गेली ती दहा मिनिटं आलीच नाही. साडूंनी हजेरी घेतली नाही.

वसंतात सई वर्गाबरोबर सहलीला गेली. पहिल्या दिवशी साडू कोणालाच भेटले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे चालत आले, नऊ मिनिटांत, कारण पाऊस होता. स्वयंपाकघरात बसले, फोन टेबलावर सरळ आपल्यासमोर ठेवला. मी चहा टाकला. तेवढ्यात फोन थरथरला. सईचा निरोप होता, खाली त्या जिन्याच्या खिडकीचा फोटो. 'फोर एक्झिट्स, बाबा. रेलिंग्ज ओके. सगळे हिअर.'

त्यांनी तो मला वाचून दाखवला. मग स्वतःशीच पुन्हा वाचला. "पाच आहेत," ते म्हणाले. "जिन्यामागचा तिने धरला नाही." ते टाइप करू लागले, अर्ध्यावर थांबले, आणि एकेक अक्षर करत सगळं पुसलं. त्याजागी एकच शब्द लिहून पाठवला, 'ग्रँड', आणि फोन पालथा ठेवला. खिडकीबाहेर पाऊस चालला होता. घरात कोणी नसल्यासारखे ते त्या पावसाकडे पाहत बसले, आणि मला एकदम जाणवलं, की हा माणूस चौदा वर्षांत प्रथमच नुसता बसला आहे आणि ते त्याला फार जड जातंय.

"तुमचं इमर्शन बंद आहे ना रे?" थोड्या वेळाने त्यांनी विचारलं.

एरवी मी हसलो असतो. मी उठलो, वर गेलो, बटणाशेजारी हातातलं घड्याळ धरून फोटो काढला आणि खाली आणून त्यांना दाखवला. त्यांनी तो नीट निरखून पाहिला, मान हलवली, आणि कप तोंडाला लावला. चहा अजून गरम होता.