वरचा डावा सुळा

रोज सकाळी चहाच्या आधी काका एक कवळी उचलायचे, कानाजवळ धरायचे आणि तिची वरची बाजू खालच्या बाजूवर हलकेच आपटून आवाज ऐकायचे. टक्. मग डोळे मिटून पुन्हा एकदा, टक्. आवाज पटला तर कवळी डबीत जायची. नाही पटला तर चहा थंड व्हायचा. कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे राहायला आले तेव्हा पहिल्या सकाळी मला वाटलं, घरात कुणाचे तरी दात थंडीनं वाजताहेत.

काका कवळ्या बनवायचे. ते डॉक्टर नव्हते. शहरातले दंतवैद्य पेशंटच्या तोंडाची मापं घेऊन त्यांच्याकडे पाठवायचे आणि काका मागच्या खोलीत बसून प्लॅस्टरचे जबडे ओतायचे, त्यांवर मेणात एकेक दात बसवायचे. खोलीच्या भिंतींवर फळ्या होत्या आणि फळ्यांवर शहरातल्या अर्ध्या म्हाताऱ्यांचे जबडे. पाहुणे आले की मला त्या खोलीत झोपावं लागे. मी भिंतीकडे तोंड करून झोपायचे, तर भिंतही हसत असायची.

माणसं त्यांना चेहऱ्यानं ओळखू येत नसत. रस्त्यात कुणी नमस्कार केला की काका परक्यासारखे बघत राहत. तो माणूस ओशाळून हसला की मग ह्यांना उजाडायचं. भर बाजारात एका गृहस्थांना त्यांनी असंच हसल्यावर ओळखलं आणि मोठ्यानं सांगितलं, की तुमच्या सासूबाईंचा खालचा जबडा माझ्याकडे कधीचा तयार आहे, घेऊन जा. त्या गृहस्थांनी नंतर रस्ता बदलला.

काकूचं सगळं उलटं. तिनं आयुष्यभर एका मोठ्या कापडाच्या दुकानात नोकरी केली होती. तिच्यासमोर कुणी नुसतं निळं म्हटलं तर तिला चालायचं नाही. आकाशी, अस्मानी, गर्द, मोरपंखी, काय ते नीट सांगा. काकांना एकच रंग यायचा, पांढरा. त्यात मात्र त्यांच्याकडे दुधी होता, हस्तिदंती होता, करडट होता, शिवाय चहावाला आणि सिगारेटवाला असे दोन खास होते. एकाच घरात सगळे रंग पाहणारी बाई आणि एकाच रंगात बुडालेला माणूस. जेवायला मात्र एकत्र बसत.

त्या वर्षी काकू निवृत्त झाली. तिची धाकटी बहीण दुसऱ्या शहरात एकटीच राहायची, घर मोठं, वरची खोली रिकामी. दर रविवारी तिचा फोन यायचा, ये ना गं माझ्याकडे, दोघी राहू. काकू आधी ते हसण्यावारी न्यायची. मग एका रविवारी ती हसली नाही, खोलीत ऊन कुठून येतं ते विचारायला लागली. 

कपड्यांच्या घड्या घालता घालता तिनं मला सांगितलं. तक्रारीचा सूरसुद्धा नव्हता. इतक्या वर्षांत ह्यांनी एकदाही, अगदी एकदाही, मी काय नेसले आहे ते पाहिलेलं नाही, म्हणाली. गोणपाट गुंडाळून गेले तरी विचारतील, भाजीत मीठ घातलंस का.

दुकानातल्या बायकांनी निरोपादाखल तिला एक साडी दिली, तिनंच निवडलेली. मोरपंखी, डाळिंबी काठाची. आणि सगळ्यांनी मिळून एक सहल ठरवली, बस करून, दूरचं एक प्रसिद्ध मंदिर पाहायला. नवरे, मुलं, पुतण्या, ज्याला यायचं त्यानं यावं. आदल्या दिवशी काकूनं साडी बाहेर काढली आणि मला म्हणाली, "उद्या ही नेसणार. परत घरी येईपर्यंत ह्यांनी साडीबद्दल एक शब्द काढला तर ठीक. नाही काढला तर मी बहिणीकडे चालले. चार दिवसांसाठी नव्हे, राहायला. आणि तू जर ह्यांना काही सांगितलंस तर तुला तिथे पाहुणी म्हणूनही जागा नाही, लक्षात ठेव."

सांगू नकोस म्हणाली होती, सुचवू नकोस म्हणाली नव्हती. सकाळी बसमध्ये मी काकांच्या शेजारी बसले. पुढच्या सीटवर काकू, खांद्यावर अख्खा मोर घेऊन बसलेली.

"काका, आज काकू कशी दिसते?"

काकांनी मान वाकडी करून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. माझ्या आशा पल्लवित झाल्या.

"झोप नीट झालेली दिसत नाही," ते म्हणाले, आणि डबा उघडून खायला लागले.

मंदिर म्हणजे दगडाचं एक अख्खं शहरच होतं. एका अंगणातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, प्रत्येक दाराशी वाटावं की आता आलं, आणि पुढे पुन्हा अंगण. खांबांवर नाचणाऱ्या, वाजवणाऱ्या, पायातला काटा काढणाऱ्या बायका. ऊन तिरपं होतं आणि सगळ्या कोरीव कामाच्या कडांवर सावलीची एक बारीक रेघ ओढल्यासारखी दिसत होती. चपला आणि मोबाइल बाहेर ठेवायला लावले होते, त्यामुळे सगळे जरा हलके आणि जरा अस्वस्थ झाले होते.

आमच्या गाइडच्या हातात लाल झेंडा होता आणि बोलणं तोंडपाठ होतं. पहिल्याच दारावर दोन द्वारपाल होते, सुळे बाहेर काढलेले. गाइड त्यांच्या गदेबद्दल सांगत होता. काका मध्येच म्हणाले, ह्याचा खालचा जबडा पुढे आलाय, ह्याला जेवताना फार त्रास होत असणार.  गाइड नम्रपणे म्हणाला, "साहेब, ते बांधल्यापासून जेवलेले नाहीत." सगळी बस हसली. काकू सोडून.

पुढच्या मंडपात काकांना एक सिंह भेटला. दगडी, माणसाएवढा, जबडा वासलेला, आणि जबड्यात एक दगडाचाच गोळा. गोळा आत फिरतो, पण दातांमधून बाहेर निघत नाही. कारागिरांनी तो आतल्या आतच कोरला होता. काकांनी पाहिलं आणि संपलं. आम्ही पुढे सरकलो, झेंडा पुढे सरकला, काका सिंहाच्या तोंडाशी वाकलेले. नंतर कळलं की त्यांनी सवयीनं बोट आत घातलं, दाढा चाचपल्या, आणि पहारेकऱ्यानं शिट्टी मारली. शिट्टीला भिऊन ते हात काढायचे सोडून पहारेकऱ्यालाच दाखवायला लागले, की बघा, मागची दाढ किती मनापासून केलीय, जिथे कुणी बघणार नाही तिथे.

इकडे मंदिराच्या तळ्याशी पोचल्यावर काकूनं मागे वळून पाहिलं आणि काका नव्हते. गाइड म्हणाला, गाभारा बंद व्हायची वेळ होत आलीय, थांबता येणार नाही. बाकीचे झेंड्यामागे गेले. काकू तळ्याच्या पायरीवर बसली आणि मी तिच्याजवळ. मी म्हटलं, मी बघून येते. ती म्हणाली, बस खाली.

थोड्या वेळानं खांबांवरचे कर्णे खरखरले. एका बाईंनी दमलेल्या आवाजात काकूचं नाव घेतलं आणि सांगितलं, की आपले यजमान चौकशीच्या खिडकीशी वाट पाहत आहेत. मी उठले. काकूनं माझी ओढणी धरून मला पुन्हा बसवलं.

"नावानं काय, वीजबिलवालाही हाक मारतो," ती म्हणाली.

शेजारच्या पायरीवर एक अनोळखी बाई पाय पाण्यात सोडून बसल्या होत्या. त्यांनी आमच्याकडे जरा पाहिलं. मी दुसरीकडे पाहिलं.

मग कर्णे पुन्हा खरखरले. खिडकीतल्या बाईंचं बोट ह्या वेळी बटणावरच राहिलं असावं, कारण आता त्यांचं आणि काकांचं बोलणं सगळ्या मंदिराला ऐकू येऊ लागलं.

"ह्या चौघींतली एकही नाही म्हणता? नाव तर तेच आहे चौघींचं. बरं, साडी कुठल्या रंगाची होती?"

कर्णे नुसतेच घोंघावत राहिले. 

"साडी होती," काका म्हणाले.

"रंग?"

"रंगही असणार."

तळ्याकाठी हशा पिकला. काकू पाण्याकडे बघत होती. मला ती वरची खोली दिसायला लागली, खिडकीतून येणारं ऊन, कोपऱ्यात काकूची बॅग. काकांचा गळा धरावासा वाटला.

"उंची?"

"माझ्यापेक्षा कमी."

"चेहरा कसा आहे?"

"चांगला आहे," काका म्हणाले, जरा दुखावल्यासारखे.

"अहो काका, हजारो बायका आहेत इथे. चांगल्याच चेहऱ्याच्या आहेत सगळ्या. तुमची ओळखायची कशी?"

"मग तसं विचारा ना," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम बदलला. मागच्या खोलीत साचा हातात घेऊन बोलायचे तसा सावकाश झाला. "वरचा डावा सुळा किंचित आत वळलेला आहे. हसली की आधी तो दिसतो, मग बाकीचे. पुढच्या दोन दातांत फट आहे. लग्नात जास्त होती, आता कमी झालीय, पण मी ती कुठल्याही कवळीत घालत नाही, ती तिचीच. आणि खालची उजवीकडची दाढ दुखतेय तिची. कुणाला सांगितलेलं नाही. पण मंगळवारपासून घास डावीकडे नेते, आणि थंड पाणी पिताना एक डोळा बारीक करते. बाहेर ऊन आहे. तिला कुणी थंड पाणी देऊ नका, एवढं सांगा."

शेजारच्या बाई नेमक्या त्याच वेळी काकूपुढे पाण्याची बाटली धरत होत्या. त्यांनी ती मागे घेतली आणि झाकण लावलं.

काकूचा हात उजव्या गालाकडे गेला होता. मी तिला विचारलं, खरंच दुखतेय? तिनं गाल पदरानं झाकला. तळ्याभोवतीच्या सगळ्या बायका एव्हाना एकमेकींच्या तोंडाकडे बघत होत्या. कुणी जिभेनं स्वतःचा सुळा तपासत होतं. एका नवऱ्यानं बायकोला हसून दाखवायला सांगितलं आणि तिनं त्याला विचारलं, आधी तुम्ही सांगा कुठला वाकडा आहे ते. 

"तुम्हीच ना त्या?" शेजारच्या बाई म्हणाल्या.

काकूनं ओठ घट्ट मिटून नाही म्हटलं. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. पण ते दाबलेलं हसू होतं, ते फुटलं, आणि आधी सुळा दिसला, मग बाकीचे.

"हा बघा, हा बघा आत वळलेला," त्या बाई म्हणाल्या, आणि आमची वरातच निघाली. पुढे काकू, मागे मी, मागे अनोळखी बायकांचा घोळका, नीट बघता यावं म्हणून पुढे पुढे येणारा.

खिडकीशी काका उभे होते. काकूच्या नावाच्या त्या चार बायका अजून तिथेच होत्या, काय होतं ते बघायला थांबलेल्या. खिडकीतल्या बाई काकांना आपल्या हिरड्या दाखवत होत्या. काकांनी काकूच्या तोंडाकडे पाहिलं आणि पार्सल ओळखावं तसं म्हणाले, हीच.

काकू त्यांच्या समोर जाऊन उभी राहिली. "आता साडीचा रंग सांगा."

काका दोन पावलं मागे गेले. एक डोळा मिटून, उजेडाच्या दिशेनं मान कलवून त्यांनी साडी पाहिली, वरपासून खालपर्यंत, दाताची छटा जुळवताना पाहत तशी.

"पांढरी नाही," ते म्हणाले. मग थोडं थांबून, "नवी आहे का?"

मी काकूला हळूच म्हटलं, काढला शब्द. ती म्हणाली, विचारून काढलेला धरायचा नसतो. मी म्हटलं, रंग तू विचारलास, नवी आहे का हे त्यांचं त्यांनी म्हटलं. काकूनं त्यावर खरंच विचार केला. डाळिंबी काठ बोटांत धरून ती जरा उभी राहिली.

"बरं, धर," ती म्हणाली.

गाभारा तोवर बंद झाला होता. एवढ्या लांब येऊन आम्ही देवाचं दार बाहेरून पाहिलं. परतीच्या बसमध्ये काका काकूशेजारी बसले आणि सबंध रस्ताभर तिला सिंहाच्या दाढा समजावत राहिले, आणि तिनं त्यांना एवढंच सांगितलं, की ह्याला मोरपंखी म्हणतात. सोमवारी तिची दाढ काढली. रविवारी बहिणीचा फोन आला तेव्हा सूज अजून उतरली नव्हती, म्हणून मी उचलला. काकूनं मला हातानंच खूण करून सांगायला लावलं, की वरच्या खोलीला भाडेकरू बघ.

त्यानंतर काका रंग शिकायला लागले. रोज कवळीचा आवाज ऐकून झाला की स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहायचे आणि आज काय नेसलीस ते ओळखायचे. बहुतेक वेळा चुकायचं. जांभळ्याला तपकिरी म्हणायचे, पोपटीला पिवळा, आणि एकदा राखाडीला बरोबर राखाडी म्हणाले तेव्हा मला हाक मारून साक्षीला बोलावलं. पुढे पुढे बरेच सुधारले. नोकरीमुळे मी दुसरीकडे गेले तरी फोनवर काकू आधी त्या दिवसाचा निकाल सांगायची आणि मग बाकीचं.

गेल्या वर्षी काका हॉस्पिटलमध्ये होते. श्वासाचा त्रास होता, फार बोलायला डॉक्टरांनी मनाई केली होती. संध्याकाळी भेटीची वेळ संपली, काकूनं डबा पिशवीत भरला, सकाळी लवकर येते म्हणाली आणि दाराकडे निघाली. काकांनी तिला परत बोलावलं. तिला वाटलं, पाणी हवं असेल.

"पदराला चहा सांडलाय तुझ्या," ते म्हणाले. "घरी गेल्यावर लगेच पाण्यात घाल."