डँडेनॉन्गच्या लंचरूममधली अमेरिकन भिंत

कारखान्यातले किस्से गोळा करावे लागत नाहीत. बुटात लोखंडाचा कीस साठतो तसे साठतात, आणि घरी आल्यावर टोचतात.

ऑस्ट्रेलियातल्या डँडेनॉन्गला मी आणि नागपूरचा समीर, दोघंही शिकायला आलेलो, लोखंडी कुंपणांच्या कारखान्यात शिफ्ट करायचो. तेव्हा लंचरूमच्या टीव्हीवर एकच विषय: अमेरिकेच्या सीमेवरच्या भिंतीला सरकारनं पैसे द्यायचे की नाही! त्या भांडणात तिकडची सरकारी ऑफिसं बंद पडलेली. आमचा सुपरवायझर ग्रेग सँडविच नाचवत ओरडायचा, "द्या पैसे आणि बांधून टाका, मेट!"

*

कुणीतरी पुडी सोडली, भिंत मंजूर झाली तर थोडी ऑर्डर आपल्याकडेही येईल. म्हणजे ओव्हरटाइम! समीर युनिव्हर्सिटीतून आल्या आल्या विचारायचा, "झाली का रे मंजूर?"

बाहेरच्यांना अडवणाऱ्या भिंतीसाठी देव पाण्यात घालून बसलेले बाहेरचे आम्हीच!

*

ग्रेगनं एकदा हात वर करायला लावून मतदान घेतलं. वेल्डर हुसेनचा हात कुठल्याच बाजूनं वर गेला नाही. हुसेन अफगाण, बोटीतून आलेला निर्वासित. बायको-मुलं अजून क्वेट्ट्यात.

"तू कुणीकडे?" ग्रेगनं विचारलं.

हुसेन माझ्याकडे वळला. "मेरा भी वोट है क्या?"

मी ते इंग्रजीत सांगितलं. सगळे हसले. तो खरंच विचारत होता.

*

समीरचा कोर्स संपला. पुढच्या व्हिसाचा निकाल येईपर्यंत ब्रिजिंग व्हिसा. त्यातच बहिणीचं लग्न. मंगलाष्टकं त्यानं लंचरूममध्ये फोनवर ऐकली. हातात अक्षता नव्हत्या. नुसतीच मूठ उघडली.

"सुंदर!" ग्रेग म्हणाला. "पण तू गेला का नाहीस?"

"गेलो तर परत आत येता येणार नाही."

ग्रेग चावता चावता थांबला. "असं कोण म्हणतं?"

"तुझं सरकार."

त्या दिवशी टीव्ही कुणी लावला नाही.

*

तिकडची ऑफिसं उघडली. आमच्याकडे ऑर्डर काही आली नाही. टीव्हीवर पुन्हा क्रिकेट लागलं, आणि समीरला व्हिसा नाकारल्याची ईमेल आली.

एअरपोर्टला सोडायला ग्रेगनं स्वतःची गाडी काढली. मी मागे समीरची बॅग धरून बसलो. डिपार्चर्सपाशी त्यानं समीरला घट्ट मिठी मारली. डोळे पुसले.

"कधीही परत ये, मेट," तो म्हणाला. "कधीही!"

समीर "हो" म्हणाला आणि बॅग उचलून आत गेला.