मास्तरांच्या घरातलं पथ्य

गाडी शिकवणाऱ्या मास्तरांच्या पायाशी एक जादा ब्रेक असे. शिकाऊ माणूस जरा चुकला की ते तो दाबत आणि वर चार शब्द सुनावत. घरीही त्यांचा पाय ब्रेकवरच असायचा.

विशीतच त्यांचं पित्ताशय काढावं लागलं होतं. "तळकट हादडलंस, भोग आता," असं वडील तेव्हा म्हणाले, आणि मास्तरांनी ते शब्द डोक्यात पक्के बसवून घेतले. लेकीच्या वाट्याला हे यायला नको, म्हणून घरात कढई बाहेर काढायची चोरी झाली होती. बायकोनं कपाळावर हात मारून घेतला आणि वाद सोडून दिला.

लेक बारा वर्षांची. एकदा ती पोट धरून बसली, तर मास्तरांचा पहिला प्रश्न, "बाहेर काय खाऊन आलीस?" ती काहीच नाही म्हणत राहिली, तरी त्यांनी तिला फैलावर घेतलं. त्यानंतर तिनं पोटाचं नाव काढलं नाही. पथ्य लागू पडलं म्हणून मास्तर शेजाऱ्यांनाही शहाणपण शिकवू लागले.

मग एक दिवस शाळेतून फोन आला. पोरीला सरळ उभं राहता येत नव्हतं, अंगात ताप होता. दवाखान्यात सोनोग्राफी केली, तर पित्ताशय खड्यांनी भरलेलं.

"या वयात खडे?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"चोरून खात असणार," मास्तर म्हणाले.

बाई त्यांच्याच तोंडाकडे बघत राहिल्या. "तुमचे डोळे नेहमी असे पिवळसर असतात?"

"वडिलांचेही होते. आमच्याकडे असेच असतात."

"मग तुमचंही रक्त तपासू."

तपासणीत दोघांचं सारखंच निघालं. तांबड्या पेशी चपट्या असायला हव्यात, त्या गोळ्यांसारख्या गोल, आणि म्हणून लवकर फुटणाऱ्या. त्यातून सुटणाऱ्या पिवळ्या रंगाचेच पुढे खडे होतात.

"हे जन्मापासूनचं आहे, तुमच्याकडून आलेलं," बाई म्हणाल्या. "खाण्याचा दोष नाही. पण पोरीनं बरेच महिने अंगावर काढलंय. पित्ताशय सुजलंय, ऑपरेशन करावं लागेल."

"आता कुणाचं खाणं बंद करणार?" बायको एवढंच म्हणाली.

मास्तर खाटेपाशी गेले. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटत होती. "बाळा, तुझं काही चुकलं नव्हतं," ते कसेबसे म्हणाले. "हे माझ्याकडून आलंय तुला."

लेकीनं आधी आईकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"मग आता सांगू, बाबा? खूप दुखतंय."