शाडूचे पाय

आमच्या घरचा गणपती बाबा स्वतः करायचे. ठाण्यात तेव्हा मूर्ती विकत मिळत नव्हत्या असं नाही, पण दुसऱ्याच्या हातचा गणपती म्हणजे बाबांना खानावळीतलं जेवण वाटे. कचेरीतून आले की चहा घेऊन श्रावणभर ते मागच्या पडवीत मातीशी बसत आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी डोळे आखून हात धूत. धाकटा भाऊ त्यांच्या पुढ्यात बसून उंदीर करायचा. त्याचा उंदीर दरवर्षी डुकरासारखा दिसे. बाबा तो तसाच गणपतीपुढे मांडत आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना कौतुकाने दाखवत.

त्या वर्षी वैशाखात धाकटा घरामागच्या तलावात बुडाला. स्वातंत्र्य मिळून पाचेक वर्षं झाली असतील. मी बारा वर्षांची, तो सातचा. मोठ्या मुलांच्या मागून पोहायला गेला. मुलं परत आली, तो आला नाही. कोळ्यांनी बुड्या मारून त्याला वर काढलं, घाटाच्या पायरीवर ठेवलं, कुणीतरी अंगावर चादर टाकली. चादर आखूड पडली आणि पाय बाहेर राहिले. त्याच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती, जन्मापासूनची. आई आंघोळीआधी तेल लावताना ती रोज सरळ करायची आणि ती रोज पुन्हा चढायची. बाबा त्या पायांकडे बघत उभे होते. त्यांना तिथून हलवायला दोन माणसं लागली.

त्यानंतर बाबांच्या तोंडाला जे कुलूप लागलं ते लागलंच. कचेरीत जाणं थांबलं. दाढी वाढली. ताटातलं गार होऊन जाई. संध्याकाळ झाली की उठून तलावाच्या त्याच पायरीवर जाऊन बसत आणि आई मला त्यांच्या मागे पाठवी. "जवळ बस, बोलू नकोस, फक्त बघत राहा," असं सांगे. काय बघायचं ते ती कधी बोलली नाही आणि मला विचारावं लागलं नाही. ते उठून एक पायरी खाली उतरले की मीही एक पायरी उतरे.

बाबांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्या, डोंबिवलीहून मुक्कामाला आली. आत्या म्हणजे तोंडाची चक्की. अंगारे झाले, नवस झाले, नजर काढून झाली. कशालाच गुण येईना तेव्हा तिनेच कल्याणच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना घरी आणलं. त्यांनी बाबांची नाडी धरली आणि बराच वेळ हातांकडेच पाहत राहिले.

"यांना बोलायला लावू नका," ते आईला म्हणाले. "हातांना काहीतरी द्या. काय येतं यांना?"

"गणपती करतात दरवर्षी," आई म्हणाली.

"मग माती आणा. आजच आणा."

वर्षाच्या आत सण करावा की नाही यावर आत्याने शेजारपाजारच्या चार बायकांशी खल केला. सण करू नये, पण गणपती चुकवू नये, असं शेवटी ठरलं. आषाढातच शाडू घरात आला. डॉक्टरांची अक्कल सगळ्यांनी वाखाणली. मूर्ती झाली की पुढे तिचं काय करायचं असतं, ते आम्हां सगळ्यांना जन्मापासून ठाऊक होतं. तरी ते कुणाच्याही डोक्यात आलं नाही. इतकी वर्षं मला त्याचं नवल वाटत आलं आहे.

दोन दिवस ते मातीच्या गोळ्याकडे नुसते बघत बसले. तिसऱ्या दिवशी हात पुढे झाला. संध्याकाळी पडवीतून हाक आली, "अगं, पाणी दे." इतक्या दिवसांतले त्यांचे पहिले शब्द ते. आईने तांब्या नेऊन दिला आणि स्वयंपाकघरात येऊन पदराने तोंड दाबून रडली.

मग दिवसेंदिवस फरक दिसू लागला. माती मळता मळता भूक लागू लागली. दाढी झाली. आत्याशी दोन शब्द बोलू लागले, ती दोनशे बोले. श्रावण लागला तसे कचेरीत जाऊ लागले. तलावावर जाणं बंद झालं. आत्याचा जीव भांड्यात पडला. मूर्तीवर मात्र सदा ओलं फडकं असे, आणि जवळ कुणी गेलेलं त्यांना चालत नसे. काम करताना ते गुणगुणत. जुनं अंगाईचं काहीतरी होतं.

एका रविवारी त्यांनी मागच्या दाराची कडी दुरुस्त केली. गेली कित्येक वर्षं ती तशीच लोंबत होती. मग मला स्टुलावर चढवून भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायला शिकवलं. "आता हे काम तुझं," म्हणाले. "विसरायचं नाही." आत्या म्हणाली, "बघा वहिनी, संसारात लक्ष आलं की नाही?" आई त्या कडीकडे बघत होती.

मूर्ती मी पहिल्यांदा नीट पाहिली ती चतुर्थीच्या सकाळी, पाटावर. सोंड, मुकुट, मोदक, सगळं दरवर्षीसारखं. मग नजर खाली गेली. एक पाय मुडपलेला, दुसरा खाली सोडलेला. गणपतीचे पाय बाबा एरवी ठोकळ करायचे, पितांबराखाली झाकून टाकायचे. हे पाय लहान मुलाचे होते, घोट्याशी वळी पडलेले. आणि खाली सोडलेल्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.

मी आईकडे पाहिलं. ती पूजेची फुलं निवडत होती. तिने परडीतली सगळी जास्वंद उचलली आणि पायांवर रचली. दुर्वांची जुडीही तिथेच ठेवली. दिवसभर बायका दर्शनाला येत होत्या, पायांवर डोकं ठेवायला वाकत होत्या, फुलं घसरत होती आणि आई पुन्हा पुन्हा ती सारखी करत होती. पुढ्यात उंदीरही होता. डुकरासारखा दिसणारा.

आमचा गणपती दीड दिवसाचा. दुसऱ्या दिवशी दुपारी आई हळूच म्हणाली, "अहो, यंदा विहिरीत विसर्जन करू या. तलावाला पाणी फार आहे."

"तलावातच," बाबा म्हणाले. आवाज अगदी शांत होता. "त्याला सवय आहे तिथली."

जिला गप्प करायला आजवर कुणी जन्माला आलं नव्हतं, ती आत्या हातातला नारळ तसाच धरून उभी राहिली.

आमच्या घरच्या बायका विसर्जनाला दारापर्यंतच जात. त्या दिवशी आईने पायात चपलाही न घालता बाबांच्या मागून चालायला सुरुवात केली. कुणी तिला अडवलं नाही. तलावावर अजून उजेड होता. चारदोन घरचे गणपती आले होते, पोरं झांजा वाजवत होती. घाटावर आरती झाली. बाबांनी पाट डोक्यावरून उतरवला, मूर्ती छातीशी धरली आणि पायऱ्या उतरू लागले. माझ्या हातात आरतीचं ताट होतं.

पाणी कमरेला लागलं, मग छातीला. दुसऱ्यांचे गणपती बुडवायला पाण्यात उतरलेला एक कोळ्याचा पोरगा ओरडला, "काका, फुरं नको जाव. खोल हाय."

रीत अशी की मूर्ती तीनदा पाण्यात बुडवून वर काढायची आणि तिसऱ्या वेळी सोडायची. बाबांनी एकदा बुडवली, वर काढली. दुसऱ्यांदा तिच्याबरोबर तेही खाली गेले आणि वर आले. केसांतून पाणी निथळत होतं आणि चेहरा इतका प्रसन्न की मला ओरडावंसं वाटलं. तिसऱ्यांदा ते खाली गेले.

पोरं जयजयकार करतच होती. पाणी फिरून सपाट झालं. माझ्या शेजारून आई गेली. नऊवारी नेसलेली, पोहता न येणारी माझी आई पायऱ्या संपेपर्यंत चालत गेली आणि तशीच पुढे गेली. गळ्याशी पाणी आल्यावर तिने दोन्ही हात खाली घातले. कोळ्याचा पोरगा हात मारत येईपर्यंत तिने बाबांचा सदरा धरून त्यांना वर ओढलं होतं. मूर्ती अजून त्यांच्या मिठीत होती. रंग ओघळून त्यांच्या छातीवर उतरला होता.

"सोडा त्याला," आई म्हणाली. घाटावर सगळ्यांना ऐकू गेलं. "मी तुम्हाला धरलंय. सोडा."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांचे हात उघडले.

विसर्जनाहून येताना रिकाम्या पाटावर तळातली मूठभर माती घरी आणायची आणि घराच्या कोपऱ्यांतून टाकायची असते. त्या संध्याकाळी आत्या ती टाकायला उठली तर आई म्हणाली, "राहू दे वन्सं." आणि एका वाटीत ती काढून ठेवली.

बाबा बरे झाले. हे मी खरंच सांगते, कारण पुढे काय झालं असेल याचे लोक भलतेच अंदाज करतात. रडले, चार दिवस झोपले, कचेरीला गेले आणि निवृत्त होईपर्यंत जात राहिले. दरवर्षी गणपती केला. त्याचे पाय पुन्हा ठोकळ, पितांबराखाली. कल्याणचे डॉक्टर भेटतील त्याला ही हकिकत सांगत. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही. पण काय येतं हे त्यांनी बाबांपुरतंच विचारलं, आणि आईला काही विचारायला हवं होतं हे आमच्यापैकीही कुणाला सुचलं नाही, याचा मला अजून संताप येतो.

पुढच्या वैशाखात मैत्रिणीकडून एक दिवस लवकर आले. घर सामसूम होतं. आई स्वयंपाकघराच्या ओट्याशी पाठमोरी बसली होती. शेजारी तलावातल्या मातीची ती वाटी, पाण्याचं भांडं. मनगटापर्यंत हात काळे. मातीत तिने आयुष्यात कधी बोट घातलं नव्हतं. रांगोळीसुद्धा तिची वाकडी यायची. पाटावर दोन ओबडधोबड गोळे होते आणि त्यांतल्या एकाला ती बोटं काढत होती. करंगळी चढवायची, ती घसरून पडायची. ती पुन्हा चढवायची.

"आई, काय करतेस?"

ती दचकली नाही. "रोज करते गं," म्हणाली. "जमत नाही मला."

मग तिने घड्याळाकडे पाहिलं, बाबांची यायची वेळ झाली होती. मातीचे दोन्ही पाय तिने तळहाताखाली दाबून एकत्र केले आणि गोळा वाटीत ठेवून वर झाकण घातलं.