तिसरं नाव

टॅम्सिन ट्रस्क माझ्याहून चार वर्षांनी मोठी. चौऱ्याऐंशीची आहे, गावच्या गरीबखान्यात असते, आणि दात सोडले तर सगळं शाबूत.

आमच्याकडे लॉर्ड एल्बरींच्या जमिनीवरची घरं तीन नावांवर मिळत. कागदावर तीन माणसं लिहायची, त्यातलं शेवटचं मेलं की घर लॉर्डांचं. ट्रस्कांच्या कागदावर आजा होता, बाप होता. तिसऱ्या नावासाठी दोन पोरं समोर उभी, धष्टपुष्ट एमस आणि सारखी खोकणारी टॅम्सिन. बापानं एमस लिहिला. कुणीही तेच केलं असतं म्हणा!

आजा गेल्यावर तर एमसला नुसतं फुलासारखं जपायचे. मटण त्याला, हिला हाडं. गळकं छप्पर शाकारायला ही चढायची, विहिरीत ही उतरायची. "मी मेले तर?" असं तिनं एकदा विचारलं, तर बाप म्हणाला, "तू कुठं कागदावर आहेस?"

सव्विसाव्या वर्षी एमसला शिकारीत पक्षी उठवायला जावं लागलं. लॉर्डांचा हुकूम, प्रत्येक घरातून एक पुरुष. पाहुण्यांपैकी एकाचा नेम चुकला आणि छर्रे एमसच्या गळ्यात घुसले. संध्याकाळी वाड्यावरून मारलेले दोन रानकोंबडे आले, सांत्वन म्हणून. मेल्यांना लाज नाही!

टॅम्सिन लॉर्डांचा कारभारी पिंकर्ड याच्याकडे गेली. मीही होते बरोबर.

"साहेब, एमसच्या जागी माझं नाव घाला."

"तुझं?" तो हसला. "अगं, तू खोकतेस. आणि लॉर्डांना ती जागा रानकोंबडे पाळायला हवी आहे. म्हातारा आहे तोवर राहा."

बापानं अंथरूण धरलं. मग हिनं त्याच रानकोंबड्यांचा रस्सा करून त्याला पाजला, रोज त्याचे पाय चोळले. प्रेमानं? छे! बाप मेला की घर गेलं, म्हणून. पिंकर्ड दर रविवारी चर्चमधून येताना डोकावायचा, "जिवंत आहे का?" विचारायचा.

अकराव्या रविवारी तो दारात उभा होता तेव्हाच बापाचा श्वास अडखळला. त्यानं हिचा हात धरला.

"टॅम्सिन... तुझं नाव घालायला हवं होतं गं. चुकलो."

आयुष्यभर हिनं त्या एका वाक्याची वाट पाहिली होती, मला माहीत आहे. हात सोडवून घेत ती म्हणाली, "मला खोकला होता ना, बा."

तेवढ्यात म्हातारा गेला. पिंकर्डनं टोपी काढली आणि चावीसाठी हात पुढं केला.

त्याला छप्पन्न वर्षं झाली. लॉर्ड गेले, त्यांचा मुलगा गेला, पिंकर्ड गेला. ही आहे, अजून खोकते. मी भेटायला गेले की दर वेळी विचारते, "आमच्या घराच्या जागी काय आहे गं?"

"रानकोंबड्यांची खुराडी," मी सांगते.

"छप्पर गळतं का त्यांचं?"

"नाही गं. चांगलं आहे."