रिकाम्या पाटाची ओटी

"ली सिंड्रोम," डॉक्टर म्हणाले. "पेशींना ताकद पुरवणारे मायटोकॉन्ड्रिया बिघडलेत. ते फक्त आईकडून येतात." आमचा सोहम माझ्या मांडीवर होता. वर्षाचा होत आला तरी मान धरत नव्हता. दुसरा वाढदिवस त्याला लाभला नाही.

सासूबाईंनी डॉक्टरांचं शेवटचं वाक्य तेवढं उचललं आणि बेसा ते मौदा सगळ्या नात्यात पोचवलं. नणंदेच्या डोहाळजेवणात मी ओटी भरायला पुढे झाले, तर सगळ्या बायांसमोर त्यांनी माझ्या हातातलं ताट काढून घेतलं. "तू राहू दे वं. तुह्या कुशीतच खोट हाये." तेव्हाच ठरवलं, याच कुशीतून धडधाकट लेकरू आणीन आणि हिचं तोंड बंद करीन.

परदेशात मायटोकॉन्ड्रियल डोनेशन करतात, डॉक्टरांनी समजावलं. निरोगी बाईच्या बीजातलं केंद्रक काढून तिथे आईच्या बीजाचं केंद्रक ठेवतात. मूल आईवर जातं, मायटोकॉन्ड्रिया तेवढे दुसरीचे. "आपल्याकडे ते होत नाही. दुसऱ्या बाईचं पूर्ण बीज घेता येईल." म्हणजे त्यात माझं काहीच नाही. वेटिंग रूममध्ये मी ढसाढसा रडले.

सासूबाईंनी तोडगा काढला. "लहान बहिणीचं घे. घरचं राहीन." मलाही पटलं. डॉक्टरांनी अडवलं. "तिचे मायटोकॉन्ड्रियाही तुमच्याच आईकडून आलेत." तुमच्या घरी कोणी असं सुचवलं, तर हे आधी सांगा.

शेवटी बीज अनोळखी बाईचं, कूस माझी. पहिला गर्भ टिकला नाही. दुसऱ्या वेळी मुलगी झाली.

"बीजाचं कोणाले सांगू नको वं," सासूबाई बजावत होत्या. "लोक काय म्हणतीन?" माझ्या कुशीचा डंका पिटताना त्यांना लोक आठवले नव्हते.

बारसं मुद्दाम लांबवलं. लेकीने मान धरली, मग त्याच सगळ्या बायांना बोलावलं. माझ्या शेजारी एक रिकामा पाट मांडला.

"हा कोणासाठी वं?" मौद्याच्या आत्याबाईंनी विचारलं.

"बीज देणाऱ्या बाईसाठी," म्हणत मी सगळं सांगून टाकलं. मग खण-नारळाचं ताट सासूबाईंच्या हातात दिलं. "आई, पहिली ओटी तिची. तुम्हीच भरा."

त्यांनी पाटावर कुंकू वाहिलं, नारळ ठेवला. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

त्या बाईचं नाव मला कधी कळणार नाही. तिच्यामुळे माझ्या लेकीच्या लेकरांनाही माझा आजार होणार नाही. तिचे उपकार मी मरेपर्यंत मानीन.

सासूबाई म्हणतात, झालं गेलं विसर. दर वाढदिवसाला मी तो पाट मांडते आणि ताट त्यांच्याच हातात देते.